धामणीतलं पाणी

“सरक तिकडं, प्रांजू. फुटलं तं तुह्या पायावर येईन,” आतोबा म्हणाले आणि त्यांनी घण वर उचलला.

मी सरकले नाही. धामणीच्या झाडाच्या ओंडक्याच्या तोंडाशी उकिडवी बसून मी चीर कुठं जाते ते पाहत होते. लोखंडी पाचर दोन बोटं आत रुतली होती आणि तिच्या पुढं केसासारखी बारीक रेघ निघाली होती. घण पडला. जुनं धोतर टरकावं तसा आवाज लाकडाच्या आतून आला. रेघ हातभर पुढं पळाली आणि थांबली.

“गेली सरळ?”

“सरळ गेली. आता पुढची पाचर.”

“पीळ नाही ना घेत?”

“नाही घेत.”

आतोबांनी घण खाली ठेवला, चार पावलं मागं गेले आणि एक डोळा मिटून ओंडक्याकडं पाहू लागले. सगळी नोकरी त्यांनी वीज मंडळात लाइनमन म्हणून काढली होती. कुठलीही लांब वस्तू दिसली की ते अशीच तिची ओळंब्यातली चूक शोधायचे.

“अजून खांबच दिसते का वं याह्यले जिकडं तिकडं?” कुंपणापलीकडून सुगंधाबाई ओरडल्या. त्यांच्या डोक्यावर गोवऱ्यांची पाटी होती आणि घरी जायची काही घाई नव्हती. “माह्या चुलीले लाकूड नाही अन् तुमी दोघं इथं धामणीचं बारसं करून राह्यले.”

“बारसं झालं का घुगऱ्या आनतो तुह्या घरी,” आतोबा म्हणाले. “जाय आता.”

दुपार कलेपर्यंत ओंडक्याची दोन फाळकी झाली. एक अगदी सरळ. दुसऱ्याला मध्याच्या जरा वर एक गाठ होती आणि तिथं लाकूड किंचित वळून पुढं गेलं होतं.

“सरळ तुह्यं,” आतोबा म्हणाले. “वाकडं माह्यं.”

“चिठ्ठ्या टाकू.”

“कायच्या चिठ्ठ्या? तू शास्त्र शिकली. तुह्यं धनुष्य चुकलं तं लोक हासतीन. माह्यं चुकलं तं कोन हासते?”

मी खरं तर तिथं धनुष्य करायला गेलेच नव्हते. मी आतोबांना न्यायला गेले होते.

आमची आत्या दिवाळीच्या आधी गेली. गोंदियाच्या पुढं, जंगलाला लागून असलेल्या धानोटीत आतोबा एकटे राहिले. त्यांची मुलगी कुंदाताई पुण्याला. ती दर फोनला “बाबा, या” म्हणायची आणि आतोबा “येतो ना” म्हणायचे. शेवटी तिनं माझ्या बाबांना गळ घातली. बाबांना रजा नव्हती. मी बी. एस्सी. होऊन एम. एस्सी.ची प्रवेश परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत नागपूरला घरी बसले होते. “तू रिकामीच आहेस,” बाबा म्हणाले, “आठ दिवस जा, त्यांचं आवर आणि घेऊन ये.”

आतोबांनी जेवू घातलं, हो-नाही काहीच म्हटलं नाही आणि दुसऱ्या दिवशी मला शेताच्या बांधावर नेलं. तिथं एक धामण उभी होती. पानं झडून गेलेली, अंगानं करडी, खोड खांबासारखं सरळ.

“वावर इकलं,” ते म्हणाले. “घेनाऱ्याले ट्रॅक्टर फिरवाले बांध मोकळा पायजे. म्हने झाड तुमीच तोडून न्या. कागद करून आनला मी, परवानगीचा. तुही आत्या म्हने याची कावड करा, धानाचे भारे आनाले. मी म्हनो, याचं धनुष्य होते. जलमभर हेच भांडन. भांडनात झाड वाढून गेलं.”

“धनुष्य कशाला?”

मग त्यांनी सांगितलं. नोकरी नवी असताना ते नदीपलीकडच्या एका गोंड टोल्यावर, छोट्या वस्तीवर, तारा ओढायला गेले होते. तिथं घरोघरी बांबूची धनुष्यं होती, पण एका म्हाताऱ्याच्या भिंतीवर लाकडाचं होतं. धामणीचं, हात लागून लागून काळं झालेलं. म्हाताऱ्यानं ते हातात घेऊ दिलं, ओढू मात्र दिलं नाही. ओढायचं असेल तर स्वतःचं कर म्हणाला.

“तवापासून डोक्यात हाये,” आतोबा म्हणाले. “हे होऊ दे. मंग मी चालतो पुन्याले. शब्द.”

मी कुंदाताईला फोन लावला. “किती दिवस लागतील?” तिनं विचारलं.

“लाकूड वाळेपर्यंत.”

“म्हणजे किती?”

“उन्हाळाभर.”

“तुलाही गुंडाळलं त्यांनी,” ती म्हणाली. “राहा. पण त्यांना घेतल्याशिवाय येऊ नकोस.”

तर असा करार झाला. लाकूड वाळलं की धनुष्य, धनुष्य झालं की आतोबांनी घर सोडायचं.

लाकडाच्या धनुष्याबद्दल आम्हा दोघांनाही काही माहीत नव्हतं. तालुक्याच्या सायबर कॅफेतून मी काही पानं छापून आणली आणि ओसरीत बसून त्यांना वाचून, समजावून सांगितली. ओलं लाकूड वाकवलं तर वाकलेलंच राहतं, परत उसळत नाही. म्हणून आधी त्यातलं पाणी जायला हवं. ते सावकाश जायला हवं, नाहीतर वरचं लाकूड आकसतं, आतलं आकसत नाही आणि काठी तडकते. टोकांकडून पाणी सगळ्यात लवकर जातं, म्हणून टोकं बंद करायची. आतोबा उठून आत गेले आणि खांबांना लावायच्या चंदेरी रंगाचा अर्धा डबा घेऊन आले. चारही टोकं चंदेरी झाली.

“सरकारी खांब दिसते आता,” ते खूश होऊन म्हणाले.

धनुष्याची पाठ, म्हणजे लक्ष्याकडं असणारी बाजू, वाढीच्या एकाच वर्तुळातून काढावी लागते. तो थर कुठंही कापला गेला तर तिथूनच धनुष्य मोडतं. मी कॉलेजातलं भिंग घेऊन टोकाची वर्तुळं त्यांना दाखवली. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ काढलंच नाही.

“हे पातळ काहून हाये?”

“त्या वर्षी पाऊस कमी पडला असेल.”

“अन् हे जाड?”

“त्या वर्षी चांगला.”

त्यांनी बोटाच्या नखानं एकेक रेघ मोजत आत जायला सुरुवात केली, मग एका ठिकाणी थांबले. “हे कुंदी झाली त्या सालचं,” म्हणाले. पुढं मोजलं नाही. भिंग परत देताना त्याची काच त्यांनी सदऱ्याला पुसली.

वाळणं लवकर व्हावं म्हणून मी माझ्या फाळक्याची साल सोलून काढली. आतोबांनी त्यांच्या काठीची काढू दिली नाही. “राहू दे. उघडी काहून करतं तिले,” म्हणाले. मी हसले. दोन काठ्या, एक सालीची, एक बिनसालीची, तुलनेला बरंच झालं.

आता वाळलं हे कळणार कसं? वजन करून. पण गावात एवढी लांब काठी तोलेल असा काटा नव्हता. मग मी ओसरीच्या आढ्याला एक बांबू बरोबर मधोमध दोरीनं टांगला. एका टोकाला काठी, दुसऱ्या टोकाला पत्र्याचा डबा, प्रत्येक काठीचा वेगळा. डब्यात नदीतले गुळगुळीत गोटे, बांबू आडवा राहीपर्यंत. दर रविवारी संध्याकाळी काठी टांगायची. ती हलकी झाली असेल तर डबा खाली जाणार. मग एकेक गोटा काढायचा, बांबू पुन्हा सपाट होईपर्यंत. सुगंधाबाईंनी गोट्यांऐवजी चिंचोके सुचवले होते. चिंचोके हवेतली ओल पितात म्हणून मी नको म्हटलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “माय वं! चिंचोक्याले तहान लागते, हे आजच आयकलं.”

काढलेले गोटे मी दोन कटोऱ्यांत ठेवत होते, माझ्या काठीचे एकात, आतोबांचे दुसऱ्यात.

“हे काय?”

“तुमच्या काठीतनं उडालेलं पाणी.”

त्यांनी कटोरा उचलून पाहिला, हलवला. “एवढं पानी होतं तिच्यात?”

“अजून आहे. गोटे निघायचे थांबले की समजायचं, वाळली.”

“थांबले की झालं?”

“झालं.”

कटोरा खाली ठेवून ते गाईला पाणी दाखवायला गेले.

दिवस सुरेख जात होते. सकाळी तासायला लागणाऱ्या हत्यारांची तयारी: वाकस, पटाशी, रंधा, कानस. सगळी कुणाकडून तरी मागून आणलेली आणि सगळी बोथट. दुपारी ओसरीत पाणी मारून आम्ही दोघं दोन खाटांवर पडायचो आणि धनुष्याला दोर कशाचा, यावर वाद घालायचो. ते अंबाडीचा म्हणायचे, मी नायलॉनचा. “नायलॉनचाच लावाचा तं पायपाचंच धनुष्य कर ना,” असं म्हणून ते कूस बदलायचे. रात्री मी भाकरी टाकायचे, ते भाजीला फोडणी द्यायचे. आणि हात धुताना रोज एकच प्रश्न.

“मंग, उद्या काय कराचं?”

मी काहीतरी सांगायचे. उद्या पटाशी घासू. उद्या सुतळी भिजत घालू. उद्या काहीच नाही, काठीला नुसतं पालटून ठेवू. ते मान डोलवायचे आणि झोपायला जायचे.

त्या घरात एकाच गोष्टीकडं मी पाहत नव्हते. रोज सकाळी मी उठायच्या आत अंगणातल्या तारेवर आत्याचं एक लुगडं वाळत असायचं. जुनं, हिरव्या काठाचं, विटून मऊ झालेलं. ते कुणी नेसत नव्हतं, तरी रोज ओलं असायचं. मला वाटलं, आतोबा ते रोज धुतात. माणूस गेल्यावर कोण काय करेल, सांगता येत नाही. पहिल्या दिवशी मी तारेकडं पाहिलं आणि मग दुसरीकडं पाहिलं. नंतर मी अंगणात जायचे ते त्या तारेला वळसा घालून.

चैत्र सरत आला तसे माझ्या कटोऱ्यात गोटे झपाट्यानं वाढू लागले. आतोबांच्या कटोऱ्यात निम्मेसुद्धा नव्हते. सालीमुळं, मी म्हटलं. सालीतून पाणी सहज जात नाही. शिवाय आतोबा त्यांची काठी रोज संध्याकाळी आत न्यायचे, माकडं नेतील म्हणून. माझी ओसरीतच असायची.

“माझी नाही का नेणार माकडं?” मी एकदा विचारलं.

“तुही सोललेली हाये. त्याह्यले सालीची आवडते.”

एका दुपारी आम्ही खाटांवर पडलो होतो. बाहेर लू वाहत होती. अचानक ओसरीच्या कोपऱ्यात बंदूक उडावी तसा आवाज झाला. कोंबड्या ओरडत पळाल्या. आतोबा ताडकन उठून बसले. मी धावत गेले. माझी काठी तडकली होती. चंदेरी टोकापासून हातभर अलीकडं सुरू होऊन तडा थेट मध्यापर्यंत गेला होता. त्यात माझं नख मावत होतं.

मी तिथंच खाली बसले. सरळ, बिनगाठीचं, सगळं नियमानं केलेलं फाळकं. आणि आता त्याचं काही होणार नव्हतं.

आतोबा माझ्या शेजारी बसले. बोट तड्यातून फिरवलं. “दुखलं आसन तिले,” म्हणाले.

“लाकडाला दुखत नाही, आतोबा.”

“तुले तं दुखलं.”

सुगंधाबाई आवाज ऐकून आल्या होत्याच. त्यांनी तडा पाहिला, काठी उचलून तोलली. “रडू नको वं. कुऱ्हाडीचे दोन दांडे होतीन याचे मस्त. मले दे.”

“घेऊन जा,” मी म्हटलं.

त्याच आठवड्यात निकाल लागला. हैदराबादला मला जागा मिळाली होती. बाबांचा फोन आला: वीस मेच्या आत आतोबांना घेऊन नागपूरला ये, कुंदा तिथून त्यांना नेईल, तुझीही तयारी व्हायला हवी. मी आतोबांना सांगितलं. त्यांनी आनंदानं मला गूळ दिला, सुगंधाबाईंना हाक मारून सांगितलं आणि रात्री हात धुताना विचारलं, “मंग, आता सगळं माह्या काठीवरच हाये?”

“हो. ती वाळली की लगेच तासायला घेऊ. वेळ आहे.”

रविवारी काठी टांगली. डबा खाली जाण्याऐवजी काठीच खाली गेली.

मी दोरी तपासली. बांबूचा मध्य पुन्हा मोजला. काठीची आणि डब्याची जागा अदलाबदल केली. पुन्हा तेच. बांबू सपाट व्हायला मला कटोऱ्यातला एक गोटा परत डब्यात घालावा लागला. बाहेर जमीन भाजत होती, पापड अर्ध्या तासात वाळत होते आणि आतोबांची काठी पाणी पीत होती.

“गाठीत काही असेल का?” मी मोठ्यानं विचार करत होते. “की साल रात्रीची ओल धरते?”

“शास्त्र हाये,” आतोबा म्हणाले. “काही सांगता येत नाही.”

मी काठी नाकाशी नेली. तिला ओल्या कापडाचा वास येत होता. तो वास ओळखीचा होता, पण कुठला ते आठवेना.

पुढच्या रविवारी आणखी एक गोटा परत गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच मला जाग आली. वीज गेली होती, पंखा थांबला होता. पाणी प्यायला मी मधल्या खोलीत गेले. कोपऱ्यात माठ होता. माठाखाली वाळू, ती नेहमी ओली असायची. त्या वाळूत आतोबांची काठी उभी होती आणि तिच्याभोवती वरपासून खालपर्यंत आत्याचं हिरव्या काठाचं लुगडं गुंडाळलेलं होतं. आतोबा समोर पाटावर बसून गडव्यानं त्याच्यावर हळूहळू पाणी सोडत होते.

मला पाहून त्यांचा हात थांबला. गडवा तसाच वाकडा राहिला आणि उरलेलं पाणी वाळूत गेलं.

“आतोबा, हे काय?”

“गरम होते इले,” ते म्हणाले. मग त्यांनाच ते पटलं नाही. गडवा बाजूला ठेवला.

“कधीपासून?”

“पयल्यापासून थोडं थोडं. तुही फुटली मंग जास्त.”

मला राग आला. दोन रविवार मी दोऱ्या आणि गाठी मोजत होते. “तुम्हाला पुण्याला जायचं नाही, तर तसं सरळ सांगायचं ना. मी सांगते कुंदाताईला. पण हे असं? मी वजन करत होते आणि तुम्ही—”

“गोट्याले हात नाही लावला मी,” ते एकदम म्हणाले. आवाज दुखावलेला होता. “कटोरे तिथंच ठेवलेले असत. दोन गोटे इकडचे तिकडं केले असते तं तुले समजलं नसतं. नाही केलं. तुह्यं वजन खरंच होतं. काठी खरंच ओली होती.”

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

“अन् पुन्याचं म्हनशीन,” ते पुढं म्हणाले, “तं जाचं नसतं तं तोंडावर नाही म्हनलो असतो. कुंदीले भेतो का मी? जाचं हाये मले. हे घर आता काय हाये? भिंती हायेत.”

“मग?”

त्यांनी लुगड्याचा निथळणारा पदर पिळला. पाणी वाळूत ठिबकत राहिलं.

“तुही आत्या गेल्यावर सकाळी उठो तं दिवस असाच समोर उभा. काय कराचं त्याचं? कोनी सांगे नाही, कोनी इचारे नाही. तू आली तं रातच्याले सांगतं, आतोबा, उद्या हे करू. मले मस्त झोप लागते मंग.” ते थांबले. “गोटे थांबले म्हंजे झालं, तूच म्हनली होतीस.”

बाहेर सुगंधाबाईंच्या घरी बंब पेटल्याचा धूर येऊ लागला होता. कोंबडा उशिरानं आरवला. मी पुढं होऊन काठीवरचं लुगडं जरा सैल केलं आणि सालीवर हात फिरवला. वरपासून खालपर्यंत. मग उठून भिंग आणलं आणि खिडकीच्या उजेडात दोन्ही टोकं, गाठ, वळणाची आतली बाजू, सगळं नीट पाहिलं.

कुठंही तडा नव्हता. केसाएवढासुद्धा नाही. माझी काठी लूमध्ये उघडी पडून बाहेरून आकसली आणि फुटली. ही रोज रात्री थंड राहिली, तिच्यातलं पाणी आतून बाहेर यायला तिला सवड मिळाली. हे त्यांनी काही विचार करून केलेलं नव्हतं आणि मी तसं त्यांना भासवलंही नाही. पण काठी चांगली होती, हे सांगायला हवं होतं.

“आतोबा, ही चांगली आहे.”

“चांगली?”

“फुटलेली नाही. हिचं धनुष्य होईल. पण ही काही वीस मेपर्यंत वाळत नाही. इतकं पाणी पाजल्यावर तर नाहीच.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागावली आहे की नाही, याचा अंदाज घेत होते.

“मग?” आता तेच विचारत होते.

“मग ही पुण्याला येईल. डबा, दोरी, गोटे, सगळं. कुंदाताईच्या गॅलरीत टांगायचं. दर रविवारी वजन करायचं आणि मला फोन करायचा. मी दुसऱ्या दिवशी काय करायचं ते सांगेन.”

“अन् लुगडं?”

“लुगडं लागेलच. पुण्याची हवा कशी आहे, काय माहीत.”

ते उठले आणि लुगडं काढून, झटकून, तारेवर वाळत घालायला अंगणात गेले. त्या सकाळी मी पहिल्यांदा तारेजवळ जाऊन दुसरं टोक धरलं.

निघताना अर्धं गाव बसथांब्यावर आलं होतं. सुगंधाबाईंनी कुऱ्हाड आणली होती, नवा दांडा दाखवायला. “तुह्या धनुष्यानं आत्तापर्यंत चार मोळ्या फोडल्या,” मला म्हणाल्या आणि तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला. कंडक्टरनं लुगड्यात गुंडाळलेली काठी पाहून विचारलं, “हे काय हाये, बाबाजी?”

“पाहुनी हाये,” आतोबा म्हणाले. “तिकीट देतं का?”

कंडक्टरनं तिकीट दिलं नाही, मात्र खिडकीकडची जागा दिली.

रविवारचे फोन सुरू झाले. पहिल्या महिन्यात कुंदाताई वैतागली होती: गॅलरीत वाळणाऱ्या कपड्यांवर गोटे पडतात, शेजारी विचारतात हा कसला पाळणा. मग तिनं विचारणं सोडलं. आतोबा मला सांगायचे, “आज दोन काढले.” कधी म्हणायचे, “आज एक परत घातला,” आणि हसायचे. मीही हसायचे. “बरं झालं,” मी म्हणायचे, “घाई काय आहे?” मग हात धुतल्यासारखा एक क्षण जायचा आणि ते विचारायचे, “मंग, उद्या काय कराचं?” मी प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर बसून त्यांना काहीतरी सांगायचे. काठी पालटून ठेवा. चंदेरी रंग खरवडला असेल तर पुन्हा लावा. बांबूची दोरी बदला. एम. एस्सी.ची दोन वर्षं आणि संशोधनाचं पहिलं वर्ष मी अशी कामं शोधत राहिले. काही तर मी तिथल्या तिथं बनवली होती. त्यांना ते कळत असणार.

मग एका रविवारी त्यांचा फोन उशिरा आला.

“प्रांजू, गोटा हालून नाही राह्यला.”

“कधीपासून?”

“चार-पाच रविवार झाले. पयले वाटलं दोरी अडकली, म्हनून बोललो नाही. नाही. बांबू सपाट हाये.”

“लुगडं गुंडाळता ना रात्री?”

“लुगडं कुठं हाये आता? कुंदीनं पोरीच्या गोधडीत घातलं. मीच देल्लं काढून. नात झोपते ना माह्याजवळ, तिले मऊ लागते.” मागं कुणीतरी मुलगी त्यांना आबा, आबा म्हणून बोलावत होती. “अन् सकाळी मी बगीच्यात जातो. चौघं जन हायेत तिथं. एक रेल्वेतला हाये, त्याले वाटते त्याले सगळं समजते. त्याच्यासंग भांडता भांडता दहा वाजते. काठीले पानी घालाले टाइमच नाही भेटत.”

समोर माझं उपकरण चालू होतं, त्यावर लक्ष ठेवायला हवं होतं. मला धानोटीची ओसरी दिसत होती, आढ्याला टांगलेला बांबू, दोन कटोरे, तारेवर लूमध्ये हलणारं हिरव्या काठाचं लुगडं. काठी वाळली होती. ज्यासाठी पाचर मारली ते आता सुरू करता येणार होतं.

“बोलत काहून नाहीस? वाळली ना?”

“वाळली, आतोबा.”

त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. म्हणून मीच विचारला.

“मग, उद्या काय करायचं?”

ते मोठ्यानं हसले. “उद्या साल काढाची. मंग पाठ काढाची, एका सालच्या थरातून. पन ते मले एकट्याले नाही जमत. घण मी मारला होता, रेघ तू पाह्यली होती. कधी येतं?”

मी टेबलाचा खण उघडला आणि भिंग काढून पिशवीत टाकलं.